सुपारीच्या डबीतली कॅप

मंडळी, आज सकाळी धावड्याला आईच्या अस्थी सावडल्या. राखेतून मामांनी काहीतरी पांढरं उचललं. "बघ रे, तुह्या मायचा बसवलेला दात! बिलकुल फुटला न्हाई."

सिरॅमिकची कॅप होती ती. बसवताना जालन्याचे डॉक्टर म्हणाले होते, "ही भट्टीत भाजलेली असते, आगीला दाद देत नाही. पण सुपारी चावलीत तर तडकेल." तेव्हापासून आई रोज सुपारी कातरायची, नुसता वास घ्यायची अन् डबी मिटायची.

"हे बी पाण्यात सोडायचं का?" मामांनी विचारलं. मला सोडवलं नाही.

घरी येऊन डबी उघडली. कातरलेली सुपारी तशीच होती. कॅप तिच्यातच ठेवली.

एखादं खांड खायचं होतंस गं आई. सांगा मंडळी, तडकली असती तर तडकली असती ना?