डोहात बुडवलेली होडी

तो तपास मी अजून विसरलेलो नाही. गुन्हेगार कितीही खोल पाण्यात दडला तरी कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोचतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवत. माझा हात पोचला तेव्हा पाणी कमरेइतकं होतं.

सत्तरच्या दशकात मी कृष्णाकाठच्या एका ठाण्यात फौजदार होतो. काठावरच्या देवळातली पितळी घंटा चोरीला गेली होती आणि गावकरी रोज ठाण्यात येऊन आमच्या कर्तबगारीची चौकशी करत. अशात नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून एक निवृत्त सुभेदार खबर घेऊन आला. कोटावर पदकं, आणि सॅल्यूट असा की मीच उठून उभा राहिलो.

"रिपोर्ट आहे साहेब. हितल्या तात्या नावाड्यानं आपली होडी दगड भरून डोहात बुडवलीया. खाली काय दडवलंय ते बघा."

तात्याला बोलावलं. होडी का बुडवली, असं विचारलं.

"इकायची हाय साहेब. उन्हानं फळ्या सुकत्यात. पाण्यात मुरल्या की फुगत्यात, सांधं मिटत्यात."

हे खरं आहे, असं आमचे हवालदारही म्हणाले. काठावर सगळेच तसं करतात. मी तिथेच थांबलो असतो, पण 'वर काढून दाखव' म्हटल्याबरोबर तात्याचा चेहरा उतरला.

"आठ दिस थांबा की साहेब. हितला पूल सुरू हुतोय. मग होडीत कोण बसणार? आत्ता गिऱ्हाईक हाय, ते गेलं तर चुलीत घालायची पाळी."

निर्दोष माणूस झडतीला वैतागतो, मुदत मागत नाही. माझा संशय पक्का झाला.

पंच मिळवणं हे पोलिसांचं सर्वात जिकिरीचं काम. पंचनामा म्हटला की अख्ख्या गावाला शेतात काम निघतं. सुभेदार मात्र आपणहून पंच झाला. हेही मी मनात नोंदवून ठेवलं.

शिपायांनी दोरखंड लावून होडी काठावर ओढली. दगड निघाले, खेकडे निघाले, घंटा निघाली नाही. जमलेली गर्दी हळहळली. सुभेदार दगडांकडे बघतही नव्हता. तो काठीने एकेक फळी ठोकत, कान लावून ऐकत मागच्या टोकापर्यंत गेला.

"हितं उघडा साहेब!"

"तितं कायबी न्हाई!" तात्या ओरडला.

पहारीने उचकटलं. डांबराखाली पत्रा निघाला, पत्र्याखाली तळहाताएवढी कुजलेली फळी. बोट लावलं तर आरपार गेलं.

"वाटलंच हुतं मला," सुभेदार म्हणाला.

घंटा शोधायला आलेला पंच कुजकी फळी बघून समाधानी झाला, हे मला खटकलं.

"तात्या, गिऱ्हाईक कोण आहे?"

"आवं, ह्योच की! इसाराचं पैसं आगाऊ दिऊन बसलाय."

सुभेदार ताठ उभा राहिला. "साहेब, आमच्या गावाला पूल न्हाई. शाळंची पोरं बसणार हिच्यात. ह्यो वर काढून दावंना, मग बघायची कशी?"

"म्हणून पोलिसांना कामाला लावलंत?"

"एवढी माणसं लावून फुकट कोण काढून देणार हुतं?"

तात्या वाळूत बसला होता. "मोडलं गिऱ्हाईक," एवढंच म्हणाला.

खोट्या खबरीबद्दल सुभेदारावर आणि फसवणुकीच्या प्रयत्नाबद्दल तात्यावर कारवाई करता आली असती. पण मग पोलीस दलाने एका गिऱ्हाइकाला जुनी होडी तपासून दिली, असं वरिष्ठांना लेखी कळवावं लागलं असतं. दोघांना दम दिला. घंटेचा तपास पुढे 'शोध लागला नाही' असा बंद झाला. होडी उचकटली आम्ही, त्यामुळे ती जागा बुजवायला ठाण्यातल्या मोडक्या बाकाची सागवानी फळी मी तात्याला दिली.

खबर खरी की खोटी, हे नंतर पाहावं. खबर देणाऱ्याला स्वतःला काय पाहायचं आहे, हे आधी पाहावं. या प्रकरणातून मी एवढंच शिकलो.

पूल सुरू व्हायच्या आधी होडी सुभेदारानेच घेतली. फळी सरकारी आहे, असं सांगून तात्याने ठरल्यापेक्षा जास्त भाव मागितला आणि तो त्याला मिळाला.