कागदावरची मालकीण

"मालक कोण?" असं अन्न खात्याच्या साहेबानं विचारलं, तेव्हा नवऱ्यानं आणि दिरानं एकदमच माझ्याकडं बोट केलं. मी मिरची कांडायच्या यंत्रापाशी नाकाला पदर बांधून तिखट चाळत होते. अजून मिरचीचा ठसका लागला की ती दोन बोटं डोळ्यांपुढं येतात. केजच्या बाजारात आमचं तिखटाचं दुकान होतं. बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून या दोघांनी मला कागदावर मालकीण केलं. कागद वाचून दाखवा म्हटलं, तर दीर म्हणाला, "वहिनी, चौथी शिकून वकील व्हायचंय का? ठोका सही." परवान्याचं विचारलं, तर नवरा म्हणाला, "परवाना कावून? आपली वळख हाय की." साहेब दारात आल्यावर ती ओळख कुठं तोंड लपवून बसली, देव जाणे. बिनपरवाना माल म्हणून साहेबानं तिखटाची सगळी पाकिटं सील केली आणि पंचनामा माझ्यापुढं धरला. "आधी वाचून दाखवा, मग सही," मी म्हणाले. दीर भिंतीकडं तोंड करून तंबाखू मळत होता. नवरा कानाशी लागला, "अगं, तू बाईमाणूस, तुला सोडत्याल." मी म्हणाले, "मग लुगडं नेसून तुमीच जावा." बीडला सुनावणी लागली, त्या दिवशी एकाची कंबर धरली आणि दुसऱ्याला नारायणगडाचं दर्शन आठवलं. आता दोघंही पारावर बसून सांगतात, "धंद्यात आमी लई सोसलं." बीडच्या कचेरीत आरोप ऐकत दिवसभर उभी होते ती मी, एकटी.