वर्षाच्या आतली वडी

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही, हा नियम ज्याने कोणी केला त्याने जन्मात एकदाही कढई घासलेली नसणार. एवढं मी छातीठोकपणे सांगते. घासली असती तर त्याला कळलं असतं, की काही बायकांच्या हातातून कढई काढून घेतली की त्यांनी दिवसभर करायचं काय हा प्रश्नच उरतो.

आमचे अप्पा आडी महिन्यात, म्हणजे तिकडच्या श्रावणाच्या आगेमागे गेले. त्यांचं आजारपण सुरू झालं तेव्हाच मी पुण्यातली नोकरी सोडून कुंभकोणमला परत आले होते. आमचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी या मुलखात आलेलं. घरात आमची जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तमिळ. पुण्यात माझ्या बोलण्याला लोक हसत, म्हणून मी तिथली मराठी शिकून घेतली, आणि आता इथे त्या मराठीला हसतात. असो. पुण्याहून येताना मी कपडे, पुस्तकं आणि एक ओव्हन घेऊन आले. अम्माने त्याच्याकडे एकदा पाहिलं, ‘पेट्टी’, म्हणजे पेटी, असं नाव ठेवलं आणि त्याच्यावर धुतलेल्या पिशव्यांची चळत रचली.

अम्मा म्हणजे आमच्या गल्लीची दिवाळी. हे मी कौतुकाने म्हणत नाही, तशी वस्तुस्थितीच होती. दिवाळीच्या आधी आमच्याकडे तेनकुळल आणि मुरुक्कू या इकडच्या चकल्या, लाडू, बादुशा, शिवाय पोट बिघडू नये म्हणून सुंठ-ओव्याचं काळं औषध, हे सगळं पितळी डब्यांतून भरलेलं असे. डबे घरोघरी जात. पापनाशमला आत्याकडे सगळ्यात मोठा डबा जाई. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. तिच्या लग्नापासून एक दिवाळी अशी गेली नाही की तिच्याकडे अम्माचा डबा पोचला नाही. अम्मा स्वतः त्यातलं फारसं खात नसे. कोणी खाल्लं, कोणाला काय आवडलं, कोणाच्या मुलाने डबा उघडल्याबरोबर आधी कशाला हात घातला, हे तिला ऐकायचं असे.

अप्पा गेले त्या वर्षी दिवाळी जवळ आली आणि अम्मा स्वयंपाकघरात नुसती बसून राहायला लागली. कॉफी करायची, भात लावायचा, आणि बसायचं. रूढीप्रमाणे त्या वर्षी नातेवाइकांनी आपल्याकडे खायला आणून द्यायचं असतं. आणलंही. एकेकजण येई, आवाज खाली आणून ‘पावम, पावम, बिचारी’ म्हणे, आणि दुकानातला पुडा ठेवून जाई. शिळ्या तेलाचा वास पुडा न उघडताच येत असे. जिच्या हातचं खाऊन यांची मुलं वाढली तिला यांनी बस स्टँडसमोरचा मुरुक्कू आणून द्यावा! निदान एका तरी घरी कोणीतरी तिच्यासाठी हाताने दोन लाडू वळायला काय हरकत होती? पण नाही. ‘तुम्हाला काय, वर्षाच्या आत अहे’ असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

अम्मा ते पुडे उघडून बघायची, परत बांधायची आणि म्हणायची, ‘घेणं बरं नाहीं वाटत गे.’

मला तेव्हा राग आवरेना. मी पिशव्यांची चळत खाली काढली आणि ओव्हन पुसला. थराच्या वड्या मी पुण्यात दर डिसेंबरात ऑफिससाठी करत असे. सोपं काम असतं. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून ट्रेमध्ये दाबून बसवायचा, त्यावर खोबरं, त्यावर चॉकलेटचे तुकडे आणि काजू, वरून आटवलेलं दूध सोडायचं आणि भाजायचं. भाजताना दूध खाली उतरतं आणि सगळे थर एकमेकांना धरतात. तळण नाही, पाक नाही, तार बघायची नाही.

अम्मा दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, ‘कढई चढत नाहीं तर ह्याच्यांत?’

‘नाही.’

‘तेल?’

‘नाही. थोडं लोणी आहे.’

‘जाळ दिसतो कां?’

‘जाळच नाही, अम्मा. तारा तापतात.’

ती परत आत गेली. तिचं डोकं कुठे चाललंय ते मला कळत होतं. थोड्या वेळाने तिने आमच्या शास्त्रींना फोन लावला. शास्त्री म्हणाले, पेट्टीबद्दल कुठे काही सांगितलेलं नाही, घरच्या वडीलधाऱ्यांनी आजवर काय केलं ते बघून करा. आता वडीलधाऱ्यांनी ओव्हनचं काय करावं! अम्माने फोन ठेवला आणि पदर खोचला. घरात सगळ्यात वडील आता आपणच आहोत, हे तिच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं.

मग तिने माझी सोपी वडी अवघड करून टाकली. डब्यातलं आटवलेलं दूध तिने हुंगलं आणि बाजूला ठेवलं. ‘हे कोणी आटवलं, केव्हां आटवलं?’ असं म्हणून गवळ्याकडून जास्तीचं दूध मागवलं आणि स्वतः पसरट पातेल्यात ढवळत बसली. खोबरं ओलं असतं म्हणून आधी कोरडं परतून घेतलं, तेही तव्यावर. कढईला तिने हात लावला नाही. वेलची पडली, जायफळ पडलं. चॉकलेटला तिचा विरोध होता, पण ‘मुलांला लागतं’ म्हणून तिने ते मान्य केलं आणि माझ्यापेक्षा बारीक चिरलं. बिस्किटांचा थर वाटीच्या बुडाने दाबायचं काम तिने माझ्याकडून काढूनच घेतलं. वड्या गार झाल्याशिवाय कापायच्या नाहीत असं मी सांगितलं तर मला म्हणाली, ‘मला सांगतेस?’

अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा ती माझ्यावर खेकसली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

वड्या झाल्या. अम्माने पितळी डबे खाली काढले, पुसले, केळीचं पान अंथरून वड्या भरल्या. पहिला डबा अर्थातच आत्याचा. मी बसने पापनाशमला जाऊन तो दारात देऊन आले. आत्या देवळात गेली होती, तिच्या सुनेने घेतला. बाकीचे डबे दुसऱ्या दिवशी वाटायचे म्हणून अम्माने ओळीने मांडून ठेवले. दर थोड्या वेळाने ती जाऊन झाकणं नीट करायची. झाकणं नीटच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचे यजमान, आमचे आतोबा, तो डबा घेऊन दारात उभे. डबा उघडलेलासुद्धा नव्हता. मी बांधलेल्या सुतळीची गाठ तशीच होती.

ते बसले. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. पापनाशमला पाऊस कसा आहे, भाताचं काय झालं, सगळं झालं. अम्माने कॉफी दिली. ती त्यांनी प्यायली. छान झालीय म्हणाले. आणखी अर्धा पेला मागितला, तोही प्यायले. आणि मग घसा खाकरून डबा पुढे सरकवला. ‘वैनी, चूक समजूं नका. वर्षाच्या आतल्या घरचं गोड अमच्या घरांत चालत नाहीं. ही म्हट्ली, सणाचं अहे, घरांत नातवंडं अहेत, कशाला तें.’

मी विचारलं, ‘आतोबा, आणि कॉफी?’

‘कॉफीचं काय?’

‘तीही याच घरातली आहे. त्यात साखरही आहे.’

‘कॉफी वेगळी,’ ते म्हणाले. अगदी शांतपणे. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. मला मात्र तो पेला उचलून... जाऊ दे. अम्माने माझ्याकडे नजर टाकली आणि मी तो पेला आत नेऊन ठेवला. आतोबा उठले, आलोच आहे तर मुलींसाठी साड्या बघून जातो म्हणाले आणि बाजाराकडे गेले. आमच्या दुःखाच्या घरातून निघून थेट दिवाळीच्या खरेदीला.

मी तावातावाने बोलत होते. यांचं विटाळशास्त्र यांच्या सोयीचं, तहान लागली की विटाळ नाही, आणि बारा महिने अम्माच्या डब्याची वाट बघणारी बाई आज एक वडी तोंडात टाकायला घाबरते, वगैरे वगैरे. अम्मा ऐकत होती की नाही कोण जाणे. तिने मांडून ठेवलेले बाकीचे डबे एकेक करून उचलले आणि आत कपाटात ठेवले.

‘अम्मा, बाकीच्यांनी काही म्हटलेलं नाही. ते घेतील.’

‘नको.’

‘तूच म्हणालीस, कढई चढली नाही, तेल तापलं नाही.’

‘मी म्हट्लें. मला द्यायचं होतं म्हणून मी शोधून काढलें.’ मग कपाटाचं दार लावून ती म्हणाली, ‘हावरेपण केलें मी.’

हावरेपण! जिने उभ्या आयुष्यात कधी पहिला घास स्वतः घेतला नाही ती बाई म्हणते हावरेपण. दुसऱ्याला देण्याची हाव. आत्याने डबा परत केला याचा मला राग आहेच, पण अम्माला स्वतःची लाज वाटायला लावली याचा जो राग आहे त्याला तोड नाही. त्या दिवाळीला पहाटे गल्लीत सगळे एकमेकांना ‘गंगास्नान झालं का’, म्हणजे दिवाळीचं अभ्यंगस्नान, असं विचारत होते. आमच्या दाराशी कोणी विचारलं नाही, कारण वर्षाच्या आत तेही नसतं. अम्मा मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

कपाटातला एक डबा मी तिला न विचारता समोरच्या टीचरबाईंना देऊन आले. त्या एकट्या राहतात आणि नियमबियम विचारत नाहीत. त्यांनी माझ्यासमोरच वडी खाल्ली, मग दुसरी खाल्ली. बाकीच्या वड्या मी आणि अम्माने कितीतरी दिवस कॉफीबरोबर संपवल्या. अम्मा खाताना त्यांच्याकडे बघत नसे. ओव्हनवर पुन्हा पिशव्या चढल्या. त्यानंतर संक्रांतीचं पोंगल आलं, रामनवमी आली, पण अम्माने पेट्टीचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

वर्षाचं कार्य झालं. आत्या आली, जेवली, भावासाठी रडली. खोटं रडली असं मी म्हणणार नाही. तिचा भाऊ होता.

आणि मग पुढच्या दिवाळीच्या आधी तिचा फोन. अम्माला ऐकू कमी येतं म्हणून फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

‘वैनी, ती पेट्टींतली वडी करणार कीं नाहीं ह्या वर्षी? तुमच्या समोरच्या टीचर देवळांत भेटल्या होत्या, काय सांगत होत्या! चेन्नईहून माझी नात येते. अम्ही तर बाई चाखलीच नाहीं. सगळ्यांला मिळाली, अम्हालाच नाहीं.’

चाखलीच नाही! जणू आम्हीच दिली नव्हती. जणू तो डबा कोणी वाटेत पळवला होता. मी अम्माच्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला. मला त्या बाईला सुतळीच्या गाठीपासून कॉफीच्या दुसऱ्या पेल्यापर्यंत सगळं ऐकवायचं होतं. अम्माने माझा हात बाजूला सारला. ‘शरी, बरं,’ ती फोनमध्ये म्हणाली, ‘करतें. नात कधी येते?’

फोन ठेवून ती उठली आणि ओट्याखालचं पसरट पातेलं शोधायला वाकली.

‘मी ओव्हन लावणार नाही,’ मी म्हणाले. तिला बटणं लावता येत नाहीत हे मला माहीत होतं. ‘तिच्यासाठी तर नाहीच. सगळ्या गल्लीला दे, बाजारात नेऊन दे, पापनाशमला एक तुकडा जाणार नाही. तिला काही वाटलं पाहिजे की नको?’

अम्मा पातेलं हातात घेऊन उभी राहिली. रागावली नव्हती. थकल्यासारखी दिसली.

‘गेल्या वर्षी ती नको म्हट्ली म्हणून मी बसलें,’ ती म्हणाली. ‘अत्तां तूं नको म्हणतेस म्हणून बसूं?’

माझ्याकडे आत्याविरुद्ध बोलायला पुष्कळ होतं, आजही आहे.

पण ओव्हनवरच्या पिशव्या मी काढून खाली ठेवल्या आणि बटण फिरवलं. अम्मा तोवर गवळ्याला जास्तीचं दूध सांगायला दारापर्यंत गेलीसुद्धा होती.