नाव तेच, माणूस दुसरा

जॉन गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. त्यांच्या बायकोनं, ग्रेसनं, दोनच ओळी लिहिल्या होत्या. सकाळी हृदय बंद पडलं. उद्या दुपारी चर्चच्या हॉलमध्ये अंत्यदर्शन. पोळीचा तुकडा हातात धरून मी ते पुन्हा वाचलं, आणि आधी दुःख झालं असं म्हटलं तर ते खोटं होईल. मनात आधी आलं ते हे, की त्यांची माफी मागायची राहिली... तीन वर्षं राहिली होती, आता कायमची राहिली. याला सहा आठवडे झाले.

जॉन आयर्लंडचे. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर म्हणून आले, इथल्या ग्रेसशी लग्न केलं आणि इथलेच झाले. माझा नवरा प्रशांत त्याच कंपनीत. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून दोघांची ओळख झाली आणि मग कळलं, जुरोंग ईस्टच्या आमच्याच कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, ते दोन मजले वर राहतात. त्यांचं आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या नावाची माणसं त्यांच्या देशात पुष्कळ आहेत. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा वरणभातावर दुसऱ्यांदा तूप घेता घेता त्यांनीच ते सांगितलं. "एक खासदार आहे, एक बिशप होऊन गेला, एक मोठा खेळाडू, एक रेडिओवर बातम्या वाचणारा. सगळे माझ्याच नावाचे! बिशप वारले तेव्हा आमच्या पोस्टमननं माझ्या आईचं सांत्वन केलं होतं." मग गावात ओळखतात कसं, असं मी विचारलं. "बापाच्या नावानं. मी जॉन डेनिस. म्हणजे डेनिसचा जॉन." प्रशांत खूश झाला. म्हणाला, "अहो, हे तर आमच्यासारखंच! आम्ही बापाचं नाव मध्ये लावतो." त्या दिवसापासून ते मला 'सुजाता भीमराव' म्हणू लागले. लग्नानंतर ती जागा नवऱ्याच्या नावाला जाते, हे मी सांगून पाहिलं, पण त्यांना ते अजिबात पटलं नाही. माझ्या बाबांचं नाव या देशात दुसरं कोणीच घेत नव्हतं. ते नागपूरला वारले त्या वर्षी तर जॉनच्या तोंडून ते ऐकताना मला भरून यायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शनिवारी सकाळी मुलांसाठी वाचनाचा वर्ग सुरू केला. वर्ग कसला, दहाबारा मुलं जमिनीवर बसून आळीपाळीनं मोठ्यानं वाचायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. माझी मुलगी मैत्री तेव्हा नऊ वर्षांची होती आणि बोलताना अडखळायची. शाळेत हात वर करायचं तिनं सोडून दिलं होतं. जॉन स्वतः लहानपणी अडखळत असत. ते तिला म्हणाले, "शब्द कुठं पळून जात नाही. तो यायला निघाला की येऊ दे, आम्ही थांबतो." आणि ते खरोखर थांबत. एका शब्दासाठी अख्खा वर्ग गप्प बसून राहिलेला मी दारातून पाहिलाय. दीड वर्षानं मैत्री शाळेच्या असेंब्लीत उभी राहून बोलली, तेव्हा मी आणि प्रशांत तर होतोच, पण मागच्या रांगेत जॉनही टाय लावून बसले होते.

मग एका मंगळवारी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक जुनी बातमी टाकली. आयर्लंडमधला एक मुख्याध्यापक, पुढं लोकप्रतिनिधी झालेला. शाळेतल्या मुलांना अमानुष मारहाण केल्याचं उघडकीला आल्यावर त्याला राजीनामा द्यावा लागला होता. नाव आणि आडनाव तंतोतंत जॉनचं. खाली एकानं लिहिलं, "हे आपलेच का?" दुसरीनं लिहिलं, "खात्री होईपर्यंत मुलांना पाठवू नये." मैत्री माझ्या खांद्यावरून वाचत होती. "आई, अंकल जॉन नॉट लाइक दॅट लाह! यू टेल देम!"

सांगायला हवं होतं, आणि ते सांगायला माझ्याइतकं योग्य त्या इमारतीत कोणीच नव्हतं. बँकेत माझं कामच हे आहे. एखाद्या ग्राहकाचं नाव संशयितांच्या यादीतल्या नावाशी जुळलं, तर हा तोच की दुसरा, हे वय, फोटो, पत्ता पाहून मी ठरवते. ती बातमी तपासायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. तो मुख्याध्यापक जॉनपेक्षा वीस वर्षांनी मोठा होता आणि जॉन इथं आले त्याच्याही आधी वारला होता. मी ग्रुपवर तसं लिहिलं... आणि पुसलं. वाटलं, हे पालक उद्या म्हणतील, ही त्यांची मैत्रीण, हिचं काय ऐकायचं. वाटलं, आपण इथं नुकते कुठं रुजतोय, वादात का पडा. शनिवारपर्यंत आपोआप निवळेल. माझ्या वडिलांनी जन्मभर 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नानंतर समोरच्याचा बदललेला चेहरा पाहिला होता; मीही पाहिला होता. नुसत्या नावावरून माणूस ठरवला की आत काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तरी मी गप्प बसले.

शुक्रवारी लिफ्टशेजारी त्यांच्या अक्षरातला कागद दिसला. वर्ग बंद, सर्वांचे आभार. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि तेच समोर उभे. मी घाईघाईनं म्हटलं, "जॉन, मी सगळं तपासलं. तो माणूस तुम्ही नाही."

"ते मला ठाऊक आहे, सुजाता," ते शांतपणे म्हणाले. "तू आणखी कुणाला सांगितलंस?"

भीमराव त्यांनी म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली, जसं एखाद्याला 'असू दे' म्हणावं तसं, आणि ते पोस्टाच्या पेट्यांकडे गेले.

तीन आठवड्यांनी मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. चौघांनी 'लाइक'चा अंगठा टाकला आणि चर्चा पार्किंगवर गेली. चार महिन्यांत जॉन आणि ग्रेस घर सोडून पूर्वेकडे बेडोकला राहायला गेले. प्रशांत दोनदा जाऊन आला. मला म्हणायचा, "चल गं, ते तुझी चौकशी करतात." मी दर वेळी काम काढत असे. नववर्षाला शुभेच्छा पाठवायची, त्यांचं सभ्य उत्तर यायचं. एमआरटीचं, म्हणजे मेट्रोचं, पाऊण तासाचं अंतर मला तीन वर्षांत कापता आलं नाही.

अंत्यदर्शनाला आम्ही तिघं गेलो. हॉलच्या दाराशी फलकावर त्यांचं पूर्ण नाव होतं. मैत्रीनं फुलं ठेवली, ग्रेसला मिठी मारली आणि दोघी बराच वेळ रडल्या. मी ग्रेसला एवढंच म्हणू शकले, "मी वेळेवर बोलायला हवं होतं." ती म्हणाली, "हो, हवं होतं." तिनं ते गोड करून सांगितलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे. मग डोळे पुसत म्हणाली, "बेडोकलाही आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत त्यांनी शनिवारचा वर्ग सुरू केला होता. मुलं येतील. मला एकटीला त्यांच्यासमोर जाववणार नाही. तू येशील?"

मी गेले. इमारतीखाली दगडी टेबल आणि गोल स्टुलं होती, एका स्टुलावर त्यांची पातळ निळी उशी बांधलेली. पाठ दुखायची म्हणून ती कायम तिथंच असायची म्हणे, आणि इतक्या जाण्यायेण्याच्या जागेतही ती कुणी उचलली नव्हती. मुलं नऊ आली. त्या स्टुलावर कुणी बसलं नाही, मीही नाही. त्यानंतरचा एकही शनिवार मी चुकवलेला नाही. गेल्या शनिवारी एका चुणचुणीत मुलीनं पुस्तक मिटून मला विचारलं, "आंटी, यू हिज फ्रेंड, इज इट?"

नुसतं 'हो' म्हणणं मला खरं वाटलं नाही.

"ते माझे मित्र होते," मी म्हटलं.