शाळेच्या लिंबाखालचा देव

आमची मंडळी गेली तेव्हा दहाव्याला आलेली माणसं एकच बोलत होती, "लई देवभोळी बाई हुती." मी खाली मान घालून ऐकून घेतलं. भांडायची ती वेळ नव्हती. पण जिच्या हातचं अख्खा जन्म खाल्लं ती देवभोळी नव्हती, हे मला चांगलं माहीत आहे. उपास तिला सोसत नसे. संकष्टीला दुपारीच भाकरी मोडायची आणि वर मलाच दम द्यायची, "देवाला चुगली करू नका." मात्र गावातला एक देव तिनं स्वतःच्या हातानं बसवला आणि स्वतःच्याच हातानं उठवला. ते आता माझ्याशिवाय धड कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो. शाळा दुसरीपर्यंतच झाली आहे माझी. चुकलंमाकलं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. पाऊस गेलेलाच होता, आणि पुढचा उन्हाळा तोंडाशी आलेला. आमचं गाव राहुरीच्या उगवतीला, माळावर. मुळेच्या धरणाचं पाणी मिळणार ते खालच्यांना. आम्ही वरचे, आमच्या वाट्याला दगड. तेच दगड फोडायला आम्ही नवरा-बायको दुष्काळी कामावर जात होतो. सरकारी रस्त्याची खडी. सकाळी जायचं, दिवसभर घण घालायचे, संध्याकाळी रेशनची लाल मिलो ज्वारी दळून तिची भाकरी खायची. ती भाकरी घशाखाली उतरत नसे, पण आमची मंडळी ती अशी काही थापायची की तोंड वाकडं करायची लाज वाटावी. आता सून चांगलं करते. मी काही बोलत नाही.

गावची शाळा म्हणजे एक खोली. दगडी भिंती आणि वर पत्रा. शिवरात्र झाली की त्या खोलीची भट्टी व्हायची. म्हणून मास्तर पोरं बाहेर काढायचे आणि समोरच्या लिंबाखाली बसवायचे. कडुलिंबाचं जुनं झाड, शाळेच्याही आधीचं. खोडाला फळा टेकवायचा, पोरांनी सावलीबरोबर सरकत जायचं. आमची थोरली पोर चौथीत होती. गावात शाळा तिथवरच, पण चौथी पास झालेली पोर आमच्या भावकीत तोवर एकही नव्हती. आमच्या मंडळीनं ते मनावर घेतलं होतं.

चारा संपला तसे लोक त्या लिंबावर चढायला लागले. आधी खालच्या फांद्या गेल्या, मग मधल्या. आमच्याही शेळ्या तोच पाला खायच्या. मास्तर हात जोडून सांगायचे, "बाबांनो, हे झाड बोडकं केलंत तर पोरं बसवू कुठं?"

"आन् मास्तर, शेळी मेली तर तीच पोरं खातील काय?" माणसं म्हणायची.

दोघांचंही खरं होतं. सावली मात्र रोज कमी होत गेली. मग मास्तर करणार काय? सरकारी सुकडीचा खाऊ वाटायचा आणि ऊन चढायच्या आत पोरं सोडून द्यायची. घरी कुणी नाही, म्हणून पोरं आमच्याकडं खडीवर यायची. आमची पोर आली तशी मुकादमानं तिच्या डोक्यावर खडीची पाटी दिली. चार दिवसांत तिच्या तळहाताला फोड आले.

संध्याकाळी मंडळीनं ते हात पाहिले. फुंकर घातली आणि म्हणाली, "पाटीवर लिहिनाऱ्या पोरीचा हात हाय का हा?"

"समद्यांच्याच पोरी वाहत्यात," मी म्हणालो.

"समद्यांच्या मला म्हाईत न्हाईत. ही चौथी हुनार. खडीवर एकदा रुळली की पुन्हा शाळंचं तोंड बगनार न्हाई."

पुढं काही बोलली नाही. ती गप बसली की मला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी वाढताना तिची बोटं केशरी दिसली.

"हाताला काय लागलंय?"

"कुंकू सांडलं."

"कुंकू केशरी कवापासनं झालं?"

"दुष्काळापासनं. जेवा गुमान."

त्याच दिवशी गावात बोभाटा झाला, शाळेच्या लिंबाच्या बुडाशी देव निघाला! शेंदूर लावलेला गोटा. देव कुठून आला असं विचारायची आमच्यात रीत नाही. आला म्हणजे आला. लिंबाखाली आलेल्या माणसांनी खांद्यावरचे कोयते खाली ठेवले, हात जोडले आणि दुसरं झाड बघायला गेली. जे मास्तरला जमलं नव्हतं ते त्या गोट्यानं एका दिवसात केलं. पोरं पुन्हा सावलीत बसली. आमची पोर खडीवर यायची थांबली. मंडळी घण घालताना गाणं म्हणायला लागली, तेव्हा मला शंका यायला हवी होती. पण मी सरळ माणूस.

पुढं घोळ घातला पाटलाच्या म्हातारीनं. सगळा गाव तिला आजी म्हणायचा आणि सगळा गाव तिला टरकून असायचा. तिची गाय आडवी पडली होती. तिनं ह्या नव्या देवाला नवस बोलला आणि गाय उठली. झालं! म्हातारीनं लिंबाखाली सडा घातला, शेणानं सारवून घेतलं, भोवती दगडांचं कडं केलं. नारळ फुटायला लागले. दुष्काळात नारळ! आणि पोरं आली की म्हातारी काठी आपटायची, "शेंबडी समदी! सुकडीचं खरकटं हात घिऊन देवाला शिवता? व्हा भाईर!"

पोरं पुन्हा पत्र्याच्या भट्टीत गेली. पोरांचे घोळणे फुटायला लागले, नाकातलं रक्त पाटीवर. त्यात म्हातारीचा नातूही होता.

मास्तर नगरकडचे, ख्रिस्ती. फार गरीब स्वभावाचा माणूस. ते एक दिवस भाकरीच्या सुट्टीत खडीवर आले, दगडावरच बसले आणि आम्हा आईबापांना म्हणाले, "मी त्या आजींना काही बोललो तर लोक म्हणतील, किरिस्ताव मास्तर आमचा देव हलवतोय. मला बोलता येत नाही. पोरं तुमची आहेत, तुम्ही बोला. मला उद्यापासून पुन्हा लवकर सोडावी लागतील."

आमची मंडळी भाकरीचा तुकडा हातात धरून तशीच बसली. तिचं तोंड उतरलं होतं.

संध्याकाळी चुलीपुढं ती म्हणाली, "अवं, एक सांगू का? वरडू नका."

"सांग."

"त्यो देव आपला हाय."

"म्हंजी?"

"शेळीचा खुंटा ठोकायचा दगुड. तुमी मागं हुडकत व्हता न्हवं?"

मी त्या दगडापायी सगळा गोठा उलथापालथा केला होता. शेजाऱ्यावर आळही घेतला होता. मला इतकं हसू आलं की पाणी प्यावं लागलं. तिला हसू येत नव्हतं.

"झाड वाचावं म्हून केलं. झाड वाचलं आन् पोरं पत्र्याखाली गेली. आता काय करू?"

"गप बस. सांगितलंस तर गाव तुला मारंल."

"मारू दे. पोरगी तर सावलीत बसंल."

बाजाराच्या दिवशी खडीला सुट्टी असायची. त्या दिवशी मास्तरांनी पालकांची सभा बोलावली. पालक हा शब्दच आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शाळेत जायचं ते पोराचं नाव घालायला एकदा, नाहीतर पोरानं मास्तरला दगड मारला तर. पण त्या दिवशी सगळी आली, बायासुद्धा. देवाच्या कड्याबाहेर उन्हात बसलो. कड्याच्या आत सावलीत एकटी म्हातारी, काठी मांडीवर घेऊन.

मास्तर घसा खाकरत होते, तेवढ्यात आमची मंडळी उठली.

"आजी, त्यो देव न्हाई. आमच्या शेळीचा खुंटा ठोकायचा दगुड हाय. शेंदूर मी लावला. झाडाला कुनी हात लावू नये म्हून."

मी शिव्यांची वाट बघत होतो. म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुला लावाया कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. माझं मलाच सुचलं."

"हां! गावात इतक्या बाया, तुलाच कसं सुचलं? कुनी सुचवलं?"

"कुनी म्हंजी?"

"त्यानंच की गं येडे! त्यालाच यायचं व्हतं हितं. तुझा नुसता हात."

"व्हय, व्हय," चारी बाजूंनी माना डोलल्या. खरं सांगूनही कुणी खरं मानेना. मंडळी रडकुंडीला आली. तिनं शेवटचं काढलं, "आजी, शेळी मुतायची वो त्याच्यावर!"

"मुतंना का. देवाला कशाचा इटाळ न्हाई."

"मग आमच्या पोरांच्या खरकट्या हाताचाच कसा हुतो?"

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळे हसले. मास्तरांनी फळ्याकडं तोंड फिरवलं. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं शाळेच्या दाराकडं पाहिलं. तिचा नातू नाकाला फडकं लावून तिथं बसला होता. तिनं मांडीवरची काठी खाली ठेवली. मग म्हणाली, "ज्या हातानं बसला त्याच हातानं उठू दे. ने तुझ्या घरी, पन उपाशी ठिवू नको त्याला. एक मातुर आयकून ठेव. आज देव उठला, की उद्या दिस उगवायला कोयतं आल्याबिगर ऱ्हानार न्हाईत."

हे तर आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. की आलं होतं आणि बोलत नव्हतो. मंडळी तिथंच थांबली. दगडाला हात लावीना.

"मग आधी भंडारा उचला," ती गड्यांना म्हणाली. "पोरांच्या बापांनी, एकेकानं. शाळा हाय तवर ह्या झाडाला कोयता लावनार न्हाई."

बेल-भंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्याकडं कुणी मोडत नाही. कोर्टात खोटं बोलतील, भंडारा उचलून नाही. म्हणूनच गडी चुळबुळ करायला लागले.

"पाऊस पडंपातूर म्हन की," एक जण म्हणाला.

"आन् शेळ्यांनी काय मास्तरचा फळा खायाचा?" दुसरा म्हणाला.

"शाळा हाय तवर," ती म्हणाली. "आन् आधी आमचं हे उचलतील."

सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. आमच्या शेळ्या त्यांतल्या बऱ्याच जणांपेक्षा जास्त होत्या. मी हळूच म्हणालो, "अगं, घरी इचारायचं तरी."

"घरी इचारलं असतं तर व्हय म्हनला असता?"

"न्हाई."

"मग?"

म्हातारीनं कनवटीची भंडाऱ्याची डबी काढली. बेल कुठला त्या दिवसांत! लिंबाचाच पाला घेतला. मी उचलला. नवऱ्याला चारचौघांत असं पुढं घातलं म्हणून राग आला होता, पण पाला हातात घेतल्यावर तो राहिला नाही. माझ्यामागून दुसरा आला, मग तिसरा. बायांना शपथ कुणी घालत नसत, पण म्हातारीनं आपणहून भंडारा कपाळाला लावला, तशा बायाही उठल्या. मास्तर बाजूला उभे होते. त्यांनी काही उचललं नाही, नुसते हात जोडले. त्यांचं तेवढं पुरे होतं.

मग मंडळीनं दगड उचलून पदरात घेतला. आम्ही घराकडं निघालो. वाटेत मी म्हणालो, "आता ह्याला रोज दिव्याचं तेल कुठनं आणनार?"

"तुमच्या टकुऱ्याचं कमी करीन."

"आन् शेळ्या?"

एक दुभती ठेवून बाकीच्या पुढच्या बाजारी विकल्या. दावं सोडताना मंडळी समोर आली नाही. शेळ्यांवर तिचा जीव होता, ते मी इथं सांगायलाच हवं. दगड आमच्या भिंतीतल्या देवळीत राहिला, आणि पाटलाची म्हातारी अधूनमधून येऊन त्याला गायीची खुशाली सांगून जायची. खुंटा ठोकायला मी दुसरा आणला.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. मी घण खांद्यावर घेऊन निघायच्या बेतात, आणि ही पिठाच्या हातानं घरातून गायब. बघतो तर शाळेच्या बांधावरून पळत येत होती.

"बसली का पोरं?"

"बसली."

"समदी?"

"समदी. आपली पोर फुडं बसलीया. पन सावली तेवड्यालाच पुरली वो. मास्तर उन्हात हुबा हाय, फळ्यापशी. उगड्या डोक्यानं."

"मग?"

"मग काय? आना हिकडं."

तिनं माझ्या डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि पिठाचे हात तसेच ठेवून पुन्हा शाळेकडं पळाली. मी बोडक्यानंच खडीवर गेलो.

मुकादम म्हणाला, "का रं, मुंडासं कुठं गेलं?"

म्हणालो, "शाळंत."