माझं ‘नको’ आणि त्याचं ‘बरां’

नारळाचा धंदा मला कुणी शिकवला नाही. पन्नास सालानंतर कधीतरी कट्टा गावच्या बाजारात गाळा घेतला, तेव्हा एक छत्री आणि तिखट जीभ एवढंच भांडवल होतं. वालावलपासून तारकर्लीपर्यंत बागा फिरून, नारळ माडावर असतानाच मी सौदा करायचो. मालकाने भाव सांगितला की त्याचं वाक्य संपायच्या आत ‘नको’ म्हणायचं, छत्री उचलायची आणि चालू लागायचं. कुंपणापर्यंत पोचायच्या आत मागून हाक यायचीच. मग परत फिरायचं. त्यातला राग खरा किती आणि धंद्याचा किती, ते पुढेपुढे माझं मलाच कळेनासं झालं.

ही खोड गाळ्यात राहिली असती तर काही बिघडलं नसतं. पण चहा पुढे आला तरी मी आधी नको म्हणायचो. दुसऱ्यांदा कुणी आग्रह केला की दोन कप प्यायचो.

थोरला भाऊ तारकर्लीला वडिलांच्या बागेत राहायचा. उजाडलं की तो विहिरीवर. पहिलं पाणी विहिरीजवळच्या माडाला, शेवटचं कुंपणाकडच्या, त्यात कधी बदल नाही. भावही तो एकदाच सांगायचा. मी उठून चालू लागलो की ‘बरां’ म्हणायचा आणि आपल्या कामाला लागायचा. साऱ्या पट्टीत हा एकच माणूस होता, ज्याच्या कुंपणावरून मला न बोलावता परत यावं लागलं.

वहिनी हसायची. ‘भावोजी, तुमचा नको म्हणजे होया, ता माका कळता. ह्यांका कळना नाय.’

साठ साल यायच्या जरा आधी भावाने जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. मी तेव्हा गाळ्याच्या मागे, नारळांच्या ढिगाशेजारी झोपायचो. घर बांधणार हे ऐकल्यापासून मी मनात माझी खोली ठरवून टाकली होती: पुढच्या बाजूची, समुद्राचा वारा येणारी. पाया आखायच्या दिवशी गेलो, तर भाऊ दोरी धरून उभा. म्हणाला, ‘ही गोठ्याकडची खोली तुका. चलात मा?’

गोठ्याकडची! धाकटा म्हणून शेणाचा वास माझ्या वाट्याला. माझं डोकं फिरलं.

‘माका नको तुझी खोली. तूच रव त्या घरात!’

‘बरां,’ तो म्हणाला.

मी तरातरा निघालो. कान मागेच होते. कुंपण आलं, रस्ता आला, तरी हाक नाही. दुपारच्या गाडीने कट्ट्याला परत आलो आणि आठ दिवस वाट पाहिली, की आता निरोप येईल. पुढची खोली मागायला मी गेलो होतो, हे त्याला कळायला नको? निरोप आला तो थेट वास्तुशांतीचा. घरात खोल्या तीनच होत्या. गोठ्याच्या बाजूला सरळ भिंत.

मग कित्येक वर्षं मी भेटेल त्याला सांगत सुटलो, सख्ख्या भावाने मला घराबाहेर ठेवलं. गणपतीला जायचो ते पाहुण्यासारखा. वहिनी ‘ऱ्हवा’ म्हणायची, मी नको म्हणायचो, आणि भाऊ माझी छत्री आणून हातात द्यायचा.

पुढे हातात बरे पैसे आले, कट्ट्याला स्वतःचं घर बांधायचं ठरवलं. चिरे शोधत होतो. भावाच्या परड्यात फणसाखाली चिऱ्यांची एक रास शेवाळ धरून पडली होती. जुना, पक्का दगड. पडून राहिलेला माल स्वस्तात सुटतो, म्हणून गेलो.

‘केवढ्याक देतंस?’

‘ते इकूचे नाय,’ भाऊ म्हणाला. ‘तुझ्या खोलयेचे ते. तू नको म्हटलंस, मगे मी कशी बांधतलंय? आज ना उद्या होया म्हणशीत म्हणान ठेवलंय. घेवन जा.’

बोलण्यात टोमणा नव्हता. पाण्याचा क्रम सांगावा तसं सांगितलं. आणि मी, ज्याला समोरच्याच्या मनातला भाव डोळ्यांत दिसतो असं बाजारात म्हणायचे, तो मी काय बोललो?

‘फुकट माका काय नको.’

शब्द तोंडातून गेले तेव्हाच कळलं. या वेळी मी कुंपणापाशी थांबलोसुद्धा. मागे पाहिलं. भाऊ कळशी उचलून विहिरीकडे चालला होता. बारा-पंधरा पावलांचं अंतर. परत जाऊन ‘होय, नेतंय’ एवढंच म्हणायचं होतं. ते मला जमलं नाही, कारण आपण होऊन परत फिरायची सवयच नव्हती.

माझं घर दुसरीकडच्या चिऱ्यांचं झालं. चिरे चांगले मिळाले, भावही पाडूनच घेतला. भाऊ गेला त्या वर्षी वहिनीने गोठा नीट करून घेतला, तेव्हा गवंड्याने विचारलं, फणसाखालचे वापरू का? ती म्हणाली, भावोजींना विचारा. मी होय म्हणालो.