कोंडून राहिली

मी फटकळ आहे, हे लोह्यापासून लातूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून लॉच्या शेवटच्या वर्षी ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या वडलांनी, अप्पांनी, आधीच हात जोडले. "बाई, एवढं एक ऐक. व्यापार कायदा घे. पुण्याला कंपनीत लागशील, एसीत बसशील. लेकराबाळाच्या भांडणात काय ठिवलंय?" खोलीवरची मैत्रीण तर म्हणाली, "येडी झालीस का? बालहक्काच्या वर्गात कुत्रं बी बसत न्हाई."

खोटं नव्हतं ते. व्यापार कायद्याला मोठा हॉल भरून पोरं, आणि आम्ही बालहक्कवाले पाचजण ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, न फिरणाऱ्या पंख्याखाली. सगळ्यांनी नको म्हटलं म्हणून हिनं हट्टानं घेतला, असं अजून बोलतात. बोलू द्या. मला तो विषय हवा होता आणि एवढं कारण मला पुरेसं होतं.

दोन्ही विषय शिकवायला सर मात्र एकच. पुण्याकडचे, विद्वान, कडक इस्त्रीचे. कराराचा तास घ्यावा तर त्यांनीच. 'देईल' आणि 'देऊ शकेल' यांत काय फरक, यावर त्यांनी एकदा पूर्ण तास घेतला. आम्हा पाचजणांनाही त्या दिवशी हॉलमध्ये नेऊन बसवलं. पक्षकाराच्या शब्दाला वकिलानं हात लावायचा नाही, असं त्यांनी टेबलावर बोट आपटून सांगितलं. मला ते मनापासून पटलं होतं.

आमच्या कॉलेजात मोफत कायदा मदत केंद्र होतं. तिथं अहमदपूरकडचे एक आजोबा आले. लेक आणि जावई दोघंही वारलेले, नऊ वर्षांची नात चुलत्याकडे. चुलती कामाला जाताना नातीला आपल्या लहान लेकरापाशी ठेवते आणि घर बंद करून जाते, शाळा बुडते, असं त्यांचं म्हणणं. त्यांना नात आपल्याकडे आणायची होती. सरांनी प्रात्यक्षिक म्हणून काम माझ्याकडे दिलं. पोरीशी बोलायचं, तिचं म्हणणं लिहून घ्यायचं, ते बालकल्याण समितीच्या अर्जाला जोडायचं.

पोर शाळेत आली त्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन आला आणि मी एसटीनं गेले. शाळेच्या ओट्यावर बसलो, बाई शेजारी. बराच वेळ ती माझ्या ओढणीच्या गोंड्याशी खेळत होती. मग खाली बघत म्हणाली, "ताई, काकी मला कोंडून राहिली." मी विचारलं, कधी? तर मला मराठी येत नाही अशा नजरेनं बघितलं तिनं.

आमच्याकडं 'राहिली' म्हणजे चालू आहे. पाऊस पडून राहिला म्हणजे आत्ता बाहेर पडतोय, छत्री घे. कोंडून राहिली म्हणजे काल कोंडलं, आज काकीला कामाची सुटी म्हणून सोडलं, उद्या पुन्हा कोंडणार. मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि पान सरांकडे दिलं.

चार दिवसांनी टाइप केलेला कागद माझ्यासमोर आला. त्यात लिहिलं होतं, "काकूने मला कोंडून ठेवले होते."

होते! माझी कानशिलं तापली. मी तशीच सरांच्या खोलीत गेले. "सर, हे तिचं वाक्य न्हाई."

"तिचंच आहे. शुद्ध केलंय. कोंडून राहिली म्हणजे काय, काकू स्वतःच आत कोंडून बसली?" तिथं बसलेली दोनचार पोरं खो खो हसली.

"राहिली म्हंजे चालू हाय सर. 'होते' लिहिलं की संपलं. मग समिती तिला परत तिथंच पाठवील."

"मग 'कोंडते' लिहू, झालं समाधान?"

"उद्या कुणी तिला विचारलं, तू 'कोंडते' म्हणालीस का, तर ती न्हाई म्हणंल. खरं बोलणारं लेकरू खोटं पडंल."

सर चिडले. कागद टाइप झालाय, सही कर आणि जा, मला मराठी शिकवू नकोस, अंतर्गत गुण कुणाच्या हातात आहेत ते लक्षात ठेव, असं सगळं एका दमात बोलले. तेव्हा माझाही तोल गेला. "सर, कंपनीच्या एका शब्दासाठी तुम्ही आख्खा तास घेतला. कंपनीचा शब्द हलवायचा न्हाई, आन् लेकराचा हलवला तर चालतंय?"

"बाहेर हो," सर म्हणाले. मी माझं वहीचं पान टेबलावरून उचललं आणि बाहेर झाले. सही केली नाही. कागदावर त्यांनी स्वतःच सही करून तो पाठवून दिला.

सुनावणीची तारीख मला कुणी कळवली नाही. आजोबांनी कळवली. लातुरातल्या समितीच्या कार्यालयात सर पुढं बसलेले, मी मागच्या बाकावर. चुलता हुशार गडी. म्हणाला, "मॅडम, कागदातच लिवलंय, ठेवले होते. गावात तापाची साथ होती, एक दिवस ठिवलं घरात. झालं गेलं." अध्यक्ष मॅडमनी कागद वाचला, मान हलवली. समज देऊन मुलगी चुलत्याकडेच ठेवावी असं दिसतं, असं त्या शेजारच्या सदस्यांना म्हणाल्या. पोर आजोबांचा सदरा मुठीत धरून उभी होती. चुलती तिला न्यायला उठलीसुद्धा.

मला बोलायचा काही अधिकार नव्हता. तरी उभी राहिले. "मॅडम, लिहून मी घेतलंय. ती असं बोललीच न्हाई." सरांनी वळून माझ्याकडे बघितलं. (त्या उभं राहण्यापायी मला पुढं काठावरचे गुण मिळाले आणि शेरा मिळाला, भाषा अशुद्ध. मिळू दे.) मी वहीचं पान पुढं केलं.

मॅडमनी वाचलं, कपाळाला आठ्या पडल्या. शेजारचे वयस्कर सदस्य उदगीरकडचे होते. त्यांनी पान घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "आवं मॅडम, कोंडून राहिली म्हंजे आजबी चालू हाय की!"

"खरं?" मॅडमनी लगेच चुलता-चुलतीला बाहेर बसवलं. त्या सदस्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि पोरीला तिच्याच बोलीत विचारलं, "बाळ, काकी अजून कोंडून राहिली का?"

"हाव."

"काल?"

"काल बी. बारकं रडून राहिलं होतं. मी बी."

सर समोरच्या कागदाकडे बघत होते. मला त्यांची कीव आली नाही, अजूनही येत नाही.

मॅडमनी पोरीला जवळ घेतलं. "मग तुला कुठं राहायचंय? न घाबरता सांग."

मला वाटलं, ती आजोबांचं नाव घेईल. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "जिथं कडी आतून हाय, तिथं."

कारकून लिहिता लिहिता थांबला आणि मॅडमकडे बघू लागला. त्यांचे डोळे भरले होते. "बघता काय?" त्या म्हणाल्या. "ती बोलली तसंच लिहा."